बिनदेठाचा वसंत

वसंत ऋतू कसा असतो, याबाबत परदेशी मासिके आणि डोंबिवलीची हवा यांचे एकमत होणे कालत्रयी शक्य नाही. मासिकांतल्या वसंतात बर्फ नुकतेच वितळलेले असते, खिडकीला लेसचा पडदा असतो आणि जेवणाच्या टेबलाच्या मधोमध, टवके उडालेल्या एखाद्या जुन्या एनॅमलच्या जगमध्ये ट्यूलिप, डॅफोडिल आणि हायसिंथ ही मंडळी ताठ मानेने उभी असतात. आमच्याकडे चैत्रात पारा ३६ अंशांच्या पुढे सरकलेला असतो आणि दुपारी माणसांचीच मान ताठ राहत नाही, तिथे फुलांची काय कथा! तरीही इंग्लंडात राहणाऱ्या माझ्या नणंदेने असा एक फोटो मला पाठवला आणि खाली लिहिले, “वहिनी, यंदा चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला असे काहीतरी कर ना. आपले घंगाळ माळ्यावर पडूनच आहे.” नणंदेची सूचना आणि सरकारी अध्यादेश यांत फरक असलाच तर एवढाच, की अध्यादेशाविरुद्ध न्यायालयात जाता येते.

जुन्या, अडगळीतल्या भांड्यांत फुले मांडण्याची ही हौस इंग्लंडात कॉन्स्टन्स स्प्राय नावाच्या बाईंनी १९३०च्या दशकात फार लोकप्रिय केली. या बाई रश्श्याच्या वाडग्यांत आणि केकच्या साच्यांत फुले मांडत आणि फुलांच्या जोडीला केलची पालेभाजीही खोचत; पुढे १९५३ साली राणी एलिझाबेथ यांच्या राज्याभिषेकाच्या फुलांचे कामही त्यांच्याकडेच होते. ज्या देशात मेथीची जुडी फुलदाणीत ठेवून राजघराण्यापर्यंत पोहोचता येते, त्या देशाबद्दल मला आदर वाटतो. आमच्या घरी मी तसे केले असते, तर ती मेथी निवडायला घेऊन कोणीतरी संध्याकाळच्या भाजीची तयारी सुरू केली असती.

घंगाळ माळ्यावरून खाली आले ते एकटे आले नाही. त्याच्या पोटात गेल्या दिवाळीच्या पणत्या, सुतळीची गुंडी, निकामी मिक्सरचे भांडे आणि ‘कधीतरी लागेल’ म्हणून जपलेल्या पडद्याच्या कड्या होत्या. बंबातले पाणी विसणायला घराघरांत घंगाळ होते, तोवर त्याला काही प्रतिष्ठा होती. गिझर आल्यावर ते सेवानिवृत्त झाले आणि सेवानिवृत्त माणसाप्रमाणे त्याच्यावर घरातली किरकोळ कामे येऊन पडली. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. हवेने त्यावर काळपट थर चढतो आणि चिंचेतले आम्ल तो थर विरघळवते, हे मला शाळेपासून ठाऊक होते. मात्र या रासायनिक अभिक्रियेत मनगटाचा वाटा किती असतो, हे क्रमिक पुस्तकात दिलेले नव्हते. मी चिंच आणि मीठ घेऊन घासत होते आणि सासूबाई स्टुलावर बसून, “काठाच्या आतल्या बाजूला हात जाऊ दे,” असे मार्गदर्शन करत होत्या.

घासता घासता काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरे वर येऊ लागली. पूर्वी भांड्यावर नाव घालून घेण्याची पद्धत होती आणि हे घंगाळ आजेसासूबाईंच्या रुखवतातले असल्याचे मी लग्न झाल्यापासून ऐकत आले होते, त्यामुळे त्यांचे नाव वाचण्यासाठी मी चष्मा आणला. आडनाव वाचले आणि पुन्हा वाचले. ते आमचे नव्हते, सासूबाईंच्या माहेरचे नव्हते आणि आजेसासूबाईंच्या माहेरचेही नव्हते.

“मग कार्यालयातच बदलले असणार,” सासूबाई जराही विचलित न होता म्हणाल्या. “त्यांच्याकडे आपले गेले असेल.”

“म्हणजे आपले घंगाळ दुसऱ्याच कोणाकडे आहे?”

“असू दे गं. आपले लहान होते म्हणे.”

एवढ्या सरळ मनाने नफ्यात राहिलेले घराणे मी दुसरे पाहिलेले नाही. मला पेच पडला तो वेगळाच. कोपऱ्यातल्या फुलदाणीची एक बाजू भिंतीकडे फिरवता येते. टेबलाच्या मधोमध ठेवायच्या वस्तूला पाठ नसते. ती चहूबाजूंनी दिसते आणि तिच्याभोवती सोसायटीतल्या सगळ्या बायका फिरणार होत्या. त्यांतल्या निम्म्या जणी भांड्यावरचे नाव वाचल्याशिवाय पन्ह्याचा पेला उचलत नाहीत.

फुलांसाठी मी पहाटेच्या लोकलने दादर गाठले. स्टेशनच्या पश्चिमेला उजाडण्यापूर्वीच फुलांचा बाजार इतका भरलेला असतो, की माणूस चालत नाही, त्याला पुढे सरकवले जाते. वसईकडून आलेला सोनचाफा, जव्हार-विक्रमगडच्या बाजूचा मोगरा, शेवंतीचे ढीग, झेंडूच्या गोण्या असा सगळा वसंत तिथे होता, आणि मी ज्या ज्या टोपलीपुढे थांबले तिथे तिथे एकच गोष्ट ध्यानात येत गेली. यांतल्या एकाही फुलाला देठ नव्हता. झेंडू मानेपासून खुडलेला, शेवंती तशीच, मोगऱ्याच्या कळ्या ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या आणि सोनचाफ्याचे देठ असे, की दोन बोटांत धरले तर बोटेच दिसावीत.

“देठाचा झेंडू मिळेल का?” मी एका फुलवालीला विचारले.

तिने मला नीट न्याहाळले. “देठ काय करायचाय ताई? देवाला वाहायचाय की गुरांना?”

तिचा प्रश्न रास्त होता. आपल्याकडे फूल ओवायचे असते, वाहायचे असते, माळायचे असते, उधळायचे असते किंवा परडीत पसरायचे असते. या सर्व व्यवहारांत देठ ही निव्वळ अडचण आहे. हारातल्या सुईला तो नको, देवाच्या मुकुटाला नको, अंबाड्याला तर नकोच. फुलाने पाण्यात पाय सोडून ताटकळत उभे राहावे, ही कल्पनाच आपल्याकडे पाहुणी आहे. भांडीही तशीच. परातीपासून घंगाळापर्यंत आपली सगळी भांडी तोंडाने ऐसपैस, हात घालायला सोयीची. ज्या जगमध्ये ट्यूलिप डौलाने उभी होती, त्या जगचे तोंड अरुंद होते आणि तिचा अर्धा डौल त्या तोंडाच्या मेहेरबानीवर होता. ट्यूलिपच्या कंदाला फुलण्यापूर्वी काही आठवडे कडाक्याची थंडी लागते. भारतात ती हौस पुरवायला श्रीनगरला दल सरोवराजवळ २००७ साली भली मोठी बाग उभारावी लागली. डोंबिवलीत ती थंडी फक्त फ्रिजमध्ये पडते, आणि तिथे हरभऱ्याच्या भिजवणीचे पातेले होते.

देठवाली फुले हवी असतील, तर बाजारात वेगळ्या दुकानांकडे जावे लागते. तिथे हॉलमधल्या सजावटीची फुले मिळतात: जुडीतला जरबेरा, कागदात गुंडाळलेले कार्नेशन, ग्लॅडिओलसच्या लांबलचक काड्या. मी कार्नेशन आणि निशिगंधाच्या काड्या घेतल्या, आणि मन राहवेना म्हणून सोनचाफाही घेतला. परतीच्या लोकलमध्ये लेडीज डब्यात निशिगंध उभा धरून येणे आणि एकाही बाईच्या डोळ्यात न खुपसणे, ही गोष्ट ज्यांना क्षुल्लक वाटत असेल, त्यांनी ती कल्याण लोकलमध्ये करून पाहावी.

घरी आल्यावर मी जरबेऱ्याचे नाव काढण्याआधीच सासूबाईंनी आपले धोरण जाहीर केले. “असली परदेशी फुले गौरीपुढे नकोत. झेंडू, निशिगंध, पांढरा चाफा अशी आपली फुले घाल.” झेंडू मूळचा मेक्सिकोचा, निशिगंधही तिथलाच आणि देवळापुढे वाकून उभा असलेला पांढरा चाफाही अमेरिका खंडातून आलेला, हे मी त्यांना सांगितले. त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, “आले असतील. पण आता किती वर्षे झाली? आपलेच झाले की ते.” मला हे नागरिकत्वाचे धोरण फार आवडले, फक्त जरबेऱ्याला आणखी किती वर्षे थांबावे लागेल, ते त्यांनी सांगितले नाही.

आता मुख्य प्रश्न घंगाळाच्या तोंडाचा. निशिगंधाची काडी मधोमध उभी केली की ती सावकाश कलत जाऊन काठावर मान टाकत असे. फुलवाल्याने यासाठी हिरवा स्पंज दिला होता. अमेरिकेत १९५४ साली स्मिदर्स नावाच्या गृहस्थाने तो बाजारात आणला, आणि तेव्हापासून जगभरातल्या फुलांचे देठ त्यात खुपसले जात आहेत. हा स्पंज पाण्यावर नुसता ठेवून आपोआप बुडू द्यायचा असतो. घाईने दाबला तर आत हवा अडकते आणि मधला भाग कोरडाच राहतो. तो कुजत नाही, त्याचा चुरा पाण्यातून थेट नाल्यात जातो आणि दिसायला तो हुबेहूब हिरवा म्हैसूरपाक असल्यामुळे माझ्या मुलाने त्याचा कोपरा तोडून पाहिला होता. घंगाळाच्या विस्तीर्ण तळात तो एका जागी बसेना. निशिगंध एका बाजूला जड झाला की होडी कलंडावी तसा तो कलंडे, आणि सगळी फुले पाण्यात तोंड धुवायला जात.

शेवटी मला कुकरची जाळी आठवली. तिची भोके निशिगंधाच्या काडीला नेमकी बेताची असतात. पण जाळी एकच असली तर काडी खालून मोकळी राहते आणि पुन्हा कलते. एक जाळी तळाला आणि दुसरी वर, अशा दोन जाळ्यांतून काडी गेली, की तिला हलायला जागा राहत नाही. वरची जाळी आतल्या एका डब्याच्या तोंडावर टेकवायची होती. आमच्या घरी जाळी एकच असल्यामुळे मी मुलाला शेजारच्या काकूंकडे पाठवले. त्याने “आईने कुकरची जाळी मागितली आहे” एवढेच सांगितले आणि काकूंनीही, हळदीकुंकवाचा स्वयंपाक असेल, असे समजून ती दिली. दोन जाळ्यांमध्ये निशिगंध आणि कार्नेशन कवायतीसारखे उभे राहिले, त्याभोवती कडुनिंबाच्या मोहोराच्या डहाळ्या बसल्या, आणि बिनदेठाच्या सोनचाफ्याला मी हिराच्या काड्यांवर टोचून खोटे देठ दिले. राहिले ते आडनाव. आवारातल्या बहाव्याचे घोस मुळातच खाली लोंबणारे. ते काठावरून सोडले आणि त्या अज्ञात कुटुंबाची नावनिशाणी पिवळ्या फुलांमागे गेली. बहाव्याचे घोस काढताना वॉचमनने मला झाडे तोडण्याच्या कायद्याची आठवण करून दिली आणि मी त्याला आंब्याच्या डाळीचे आमंत्रण दिले.

दुपारपर्यंत कार्नेशन पेंगू लागले. पाणी भरपूर होते, देठ तिरपे कापलेले होते, पाण्यात बुडणारी पाने काढलेली होती. बराच वेळ शोध घेतल्यावर टेबलाखाली गवतात पिकत घातलेली हापूसची पेटी सापडली. पिकणारा आंबा इथिलीन वायू सोडतो आणि त्या वायूपुढे कार्नेशन अजिबात तग धरत नाही; पाकळ्या आत वळतात आणि फूल डोळे मिटते. पेटी आतल्या खोलीत हलवली, तर तिथे नवरा झोपला होता आणि आंब्याच्या वासाने तो मात्र लगेच जागा झाला. मग पंख्याचा वाद सुरू झाला. पंखा लावला की बहाव्याच्या पाकळ्या थेट पन्ह्यात पडत. बंद केला की पाहुण्यांच्या कपाळावरचे कुंकू ओघळले असते. पंखा दोनवर ठेवायचा, असा मध्यममार्ग निघाला. त्यामुळे बायकांनाही पुरेसा वारा लागेना आणि पाकळ्याही पडत राहिल्या.

संध्याकाळी बायका आल्या. मांडणी अशा उंचीची असावी की समोरासमोर बसलेल्यांची तोंडे एकमेकांना दिसावीत, असे या विद्येतले जाणकार सांगतात; हळदीकुंकवाला कोणी बसतच नसल्यामुळे त्या नियमाचा प्रश्न आला नाही. पहिल्याच मावशींनी घंगाळाकडे कौतुकाने पाहिले, “अगोबाई, किती सुरेख!” म्हणाल्या, हात पुढे केला, काडीवरचा सोनचाफा अलगद काढला आणि केसांत खोचला. मी “अहो मावशी” म्हणेपर्यंत दुसऱ्या वहिनींनी मुलीसाठी एक घेतला. त्यांचे काहीच चुकत नव्हते. हळदीकुंकवाच्या घरात तबकात, परडीत, ताटात कुठेही फूल असले, तरी ते घ्यायचेच असते. न घेणे हा यजमानिणीचा अपमान. फूल नुसते पाहण्यासाठी ठेवलेले असू शकते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते आणि सांगण्याचे धाडस माझ्यातही नव्हते. सासूबाई तर स्वतःच निशिगंधाच्या काड्या उपसून जाणाऱ्या प्रत्येकीच्या हातात देत होत्या. “घ्या हो, रात्री खोलीभर वास राहतो.”

आठच्या सुमारास घंगाळात कडुनिंब, झोपलेली कार्नेशन आणि उघड्या पडलेल्या हिराच्या काड्या शिल्लक होत्या. बहाव्याचा शेवटचा घोस गळून पडल्यामुळे ते भलते आडनाव दिव्याच्या उजेडात स्वच्छ वाचता येत होते. शेजारच्या काकू सर्वांत शेवटी आल्या. त्यांनी ओटी घेतली, डाळ खाल्ली, घंगाळात डोकावून पाहिले, हात घालून वरची जाळी बाहेर काढली, पाणी झटकले आणि हरभऱ्यांच्या पुडीशेजारी पिशवीत टाकली.

“बरे झाले दिसली,” त्या म्हणाल्या. “घरी बटाटे उकडायचे थांबलेत.”