जीरावन आणि लोणचं

परवा रात्री भाच्याने एक रील पाठवली. आधी आठ सेकंद सतार, मग तबल्याचा एक तुकडा, मग धाडकन ब्रेकडाऊन, म्हणजे लय एकदम जड आणि संथ होते तो भाग, आणि पडद्यावर नटराज. खाली मेसेज : "मामा, इंडियन डेथ मेटल! कसं वाटलं?"

मी लिहिलं, "जीरावन."

इंदूरबाहेरच्या मंडळींसाठी सांगतो. आमच्याकडे पोहे कसेही झालेले असोत, वरून जीरावन (कोरडा चटपटीत मसाला) भुरभुरलं आणि मूठभर शेव टाकली की ते इंदुरी. मला जीरावन आवडतं, गैरसमज नको. पण ते पोह्यांत शिरत नाही, वर बसतं. फुंकर मारली तर उडतं. लोणच्याचं तसं नसतं. कैरी मुरली की मसाला कुठे संपला आणि कैरी कुठे सुरू झाली हे सांगता येत नाही. एक्स्ट्रीम मेटलमध्ये, म्हणजे डेथ मेटल, ब्लॅक मेटल अशा गुरगुरत्या-किंचाळत्या जहाल मेटलमध्ये, हल्ली जी मिसळामिसळ चाललीय, तिच्याकडे मी या एकाच चाळणीतून बघतो. उसनं घेतलेलं काढून टाकलं तर गाणं तसंच उरतं का? उरत असेल तर जीरावन.

"पूर्वी कसं शुद्ध होतं" म्हणणाऱ्या माझ्या वयाच्या लोकांशी मात्र माझं जमत नाही. पूर्वी म्हणजे कधी? १९८७ साली बर्मिंगहॅमच्या नेपाम डेथ या बँडचा 'स्कम' हा अल्बम आला. ३३ मिनिटांत २८ गाणी, रेकॉर्डच्या दोन बाजूंना जवळजवळ दोन वेगळे बँड, दोन्हीकडे कायम फक्त ड्रमर मिक हॅरिस. हार्डकोर पंक आणि मेटल एका खलबत्त्यात कुटले आणि ग्राइंडकोर हा तुफान वेगाचा प्रकार निघाला. त्याच वर्षी स्वित्झर्लंडच्या केल्टिक फ्रॉस्टने असा अल्बम काढला की त्यात ड्रम मशीनही होतं, ऑर्केस्ट्राची वाद्यंही होती आणि पहिलंच गाणं एका अमेरिकन न्यू वेव्ह (पंकनंतरचं पॉप) बँडचं होतं. १९९१ मध्ये डेथ या बँडच्या 'ह्यूमन' अल्बमवर वाजवणारे मास्विडाल आणि रायनर्ट दोनच वर्षांत सिनिक या आपल्या बँडचा 'फोकस' घेऊन आले. त्यात जॅझच्या कॉर्ड्स होत्या आणि वोकोडरमधून गाळलेला यंत्रमानवासारखा आवाज. सोवळं कुणीच नव्हतं हो.

आणि सोवळ्याच्या गप्पा आपण इंदूरकरांनी तर मारूच नयेत. इथून पस्तीसएक किलोमीटरवर देवासला कुमारजी, म्हणजे गायक कुमार गंधर्व, राहत होते. माळव्याच्या बायकांच्या गाण्यांतून त्यांनी राग काढले आणि त्यासाठी शिव्याही खाल्ल्या. त्यांच्या धून-उगम रागांतून लोकधून वजा करून बघा. राग उरतच नाही. यालाच मी लोणचं म्हणतो.

आता माझी स्वतःची फजिती. कॉलेजात आमचा बँड होता, मी बेस वाजवायचो. निकोटीनची पोरं इथलीच, २००६ साली इंदुरात मेटल बँड काढलेली, त्यामुळे गावातल्या प्रत्येक गिटारवाल्याला आपलंही होईल असं वाटत होतं. आम्ही ठरवलं, डेथ मेटलमध्ये हार्मोनियम. आजोबांची जुनी पेटी रिक्षात घालून एका कॉलेजच्या फेस्टला नेली. गिटारी उतरवून काळी एकला लावलेल्या. पेटी मात्र ट्यूनरपेक्षा जराशी चढी, आणि पेटी काही खुंटी पिळून उतरत नाही. दोन सूर एकमेकांना घासले की जी लाटेसारखी थरथर येते, ती चार मिनिटं सुरू होती. त्यात साउंडवाल्याने आदल्या ऑर्केस्ट्राचा एको माइकवर तसाच ठेवलेला, त्यामुळे आमच्या गायकाची गुरगुर जुन्या भुताच्या सिनेमासारखी तीन-तीनदा ऐकू येत होती. पुढच्या रांगेतली एक बाई चक्क हसली. मी बरीच वर्षं साउंडवाल्याला दोष दिला. खरं म्हणजे त्या पेटीने गाण्यात नेमकं काय करायचं, हे आम्ही कुणी ठरवलंच नव्हतं. ती होती एवढंच. तेव्हा जीरावनावर बोलण्याचा अधिकार मी कमावलेला आहे.

मागच्या गणपतीत लोकमान्य नगरात आप्पांकडे गेलो होतो. आप्पा म्हणजे माझे चुलते, वय एक्याऐंशी. नाना पानशांचा पखवाज या गावाचा, हे ते आल्यागेल्याला सांगतात. ते परातीत कणीक भिजवत बसले होते. पोळ्यांसाठी नव्हे, पखवाजाच्या धुम्यासाठी. लाटीएवढा गोळा घ्यायचा, डाव्या पुडीच्या मधोमध थापायचा, थाप मारून बघायची, चिमूटभर काढायची, परत थाप. तेवढ्यात भाच्याने फोनवर आजकालचं ऑर्केस्ट्रावालं डेथकोर, म्हणजे डेथ मेटल आणि हार्डकोरची मिसळ, लावलं. मिनिटाला २४० मात्रांच्या लयीत दोन्ही पायांनी वाजवलेला डबल बेस ड्रम, मात्रेला चार, म्हणजे सेकंदाला सोळा ठोके. मला वाटलं आप्पा म्हणतील बंद कर. त्यांनी कणकेचा हात तसाच वर धरून पूर्ण ऐकलं.

"प्रत्येक थाप सारखीच कशी रे? हा माणूस आहे की शिलाई मशीन?"

भाचा माझ्याकडे बघायला लागला. कारण म्हाताऱ्याने नेमकं वर्मावर बोट ठेवलं होतं. आजच्या अशा बहुतेक रेकॉर्डिंगमध्ये किकचा, म्हणजे पायाने वाजवायच्या ड्रमचा, खरा आवाज जवळजवळ राहत नाही. ट्रिगर नावाचा सेन्सर लावतात, प्रत्येक ठोक्याच्या जागी आधीच घेतलेला एकच नमुना वाजतो, आणि मग संगणकावर सगळे ठोके ग्रिडला नेऊन चिकटवतात. भाच्याला हे माहीत होतं. आप्पांना ट्रिगर म्हणजे काय तेही ठाऊक नाही, फक्त कान आहेत.

मग मी त्यांना 'स्कम' ऐकवला. आवाज गढूळ, झांजा कानाला टोचणाऱ्या. दुसऱ्या-तिसऱ्या गाण्याला आप्पा म्हणाले, "हा बेताल जाईल आता... नाही गेला. पण हा दमतोय." हे त्यांनी कौतुकाने म्हटलं.

तेव्हापासून मला लॉर्ना शोर हा डेथकोर बँड आणि त्यांच्या मागून आलेल्या रांगेबद्दल नीट बोलता येतं. २०२१ मध्ये त्यांचं एक गाणं व्हायरल झालं, गायक विल रामोसच्या गळ्यातून डुकरापासून ड्रॅगनपर्यंत सगळं निघालं आणि ऐकणाऱ्यांचे चेहरे टिपणारे हजारो व्हिडिओ आले. गळा विलक्षण आहे, वादच नाही. पण मागचा तो ऑर्केस्ट्रा! सिनेमाच्या ट्रेलरसारखा, सतत फुगलेला. तो काढला तर रिफ (गिटारची पुन्हा पुन्हा येणारी ओळ) तसाच, ब्रेकडाऊन तिथेच. पाकात बुडवलेली जिलबी परत पाकात बुडवायची, दुसरं काय. (इथे शिव्या घालणार असाल तर सभ्य मराठीत घाला, आई ही पोस्ट वाचते.)

गुलाबी कव्हरवाल्यांवरून मी एकेकाळी भांडलोय. डेफहेवन या अमेरिकन बँडचा 'सनबेदर' अल्बम, २०१३. ब्लॅक मेटलचा किंचाळणारा आवाज आणि शूगेझच्या धुक्यासारख्या गिटारी, फ्रान्सच्या आल्सेस्ट बँडने आधी पाडलेली वाट. तेव्हा मी म्हणालो होतो, ही कॉफीशॉपची पोरं. चुकलो. ब्लॅक मेटलचं ट्रेमोलो पिकिंग, म्हणजे एकच तार सतत खालीवर छेडणं, मुळातच इतकं जलद असतं की वेगळे सूर विरघळून एक पडदा तयार होतो, आणि शूगेझलाही तोच पडदा हवा असतो. दोघांचं रक्त आधीच जुळत होतं, नातं लावायची गरजच नव्हती.

आणि खरी मजा वेगाच्या दुसऱ्या टोकाला. सन ओ हा अमेरिकन बँड, सिॲटलचा. ड्रम जवळजवळ नाहीतच, एकेक कॉर्ड मिनिटभर घोंघावत राहते. २००९ च्या अल्बमचं शेवटचं गाणं त्यांनी ॲलिस कोल्ट्रेनला वाहिलंय. ही बाई जॅझची हार्पवादक, पुढे कॅलिफोर्नियात आश्रम काढून भजनं गाणारी, १९७१ च्या तिच्या अल्बमवर तंबोरा वाजतोय. म्हणजे आपलाच तंबोरा कॅलिफोर्निया, सिॲटल असं फिरत फिरत, वाटेत ॲम्प्लिफायर गिळून, माझ्या हेडफोनवर परत आला. गाण्याच्या शेवटी गिटारी हळूहळू मागे सरतात आणि ब्रास, हार्प वर येतात. कधी बदललं ते कळत नाही. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला अमीर खाँसाहेब आठवले, इंदूरचेच. झुमऱ्याच्या चौदा मात्रा, पण इतक्या अतिविलंबित की दोन मात्रांमधे माणूस चहा टाकून येईल. त्यांच्याकडेही वजन वेगाने येत नाही, थांबण्याने येतं. भाच्याला मी म्हटलं, तुला इंडियन डूम, म्हणजे असंच संथ-जड मेटल, हवंय ना, मग सतारीचा सँपल शोधू नकोस, हा झुमरा मोजून दाखव. त्याने सातव्या मात्रेला फोन बघितला.

अलीकडचं सगळ्यात मुरलेलं लोणचं म्हणाल तर डेन्व्हरच्या ब्लड इनकँटेशन बँडचा ऑक्टोबर २०२४ मधला 'ॲब्सोल्यूट एल्सव्हेअर'. बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत केलेला. दोनच रचना, प्रत्येकी तीन भाग. एका भागात टँजरिन ड्रीम या जर्मन इलेक्ट्रॉनिक बँडचा थॉर्स्टन क्वेश्निंग सिंथ वाजवतो. मधेच डेथ मेटल थांबतं आणि सत्तरच्या दशकातलं जर्मन सिंथचं अंतराळ सुरू होतं, पुन्हा गुरगुर येते तेव्हा ती वेगळीच वाटते, कारण कान तोवर मोकळे झालेले असतात. यांनी त्याआधी २०२२ मध्ये अख्खा अल्बम नुसत्या ॲम्बियंटचा, म्हणजे ठेक्याविना पसरत जाणाऱ्या सुरांचा, काढला होता. आधी दुसऱ्याच्या घरी जाऊन राहून आले, मग आपल्या घरात खिडकी पाडली.

आपल्याकडचं म्हणाल तर दिल्लीचे ब्लडीवूड बँडवाले ढोल घेऊन जग फिरले. त्यांना एक्स्ट्रीम म्हणणार नाही, पण ढोल काढला तर त्यांचं गाणं लंगडतं, एवढं प्रशस्तिपत्र पुरे.

भाच्याने वरच्या खोलीच्या भिंतींना जुन्या गाद्या लावल्यात. गेल्या रविवारी आप्पांना तिथे जिना चढवून नेलं, दोनदा थांबत. त्यांनी चौतालाचा ठेका धरला आणि पोराला सांगितलं, पाय नंतर, आधी बारा मात्रा तोंडाने म्हण. धा धा दिं ता, किट धा दिं ता, तिट कत गदि गन. चाळीस मिनिटं नुसतं तेच. ड्रमच्या पेडलला हातपाय कुणी लावला नाही. रेकॉर्डिंगही झालं नाही, फोन खाली चार्जिंगला होता. उतरताना आप्पा कठड्याला धरून थांबले आणि मला म्हणाले, "पुढच्या वेळी तो दमणारा परत लाव."