गंधार चढा आहे

पावतीवर माझं नाव नाही. पैसे माझे, फोनवरून भरले मी, आणि पावतीवर नाव चिरंजीवांचं. चिरंजीव पंधरा वर्षांचे आहेत आणि संगीतातलं त्यांना एवढंच कळतं, की हेडफोन रात्री चार्जिंगला लावावा लागतो. त्यांना मी नेलं होतं ते स्कूटरवर मागे बसून गिटार धरायला.

तर गिटार मला हवी होती. भावाच्या जुन्या लाकडी गिटारवर दोन वर्षं बोटं सोलून घेतल्यावर छेचाळिसाव्या वर्षी मी ठरवलं, आता इलेक्ट्रिक. महिनाभर अभ्यास केला. इतका अभ्यास बी.एड.ला केला नव्हता. इलेक्ट्रिकची दोन नामी मॉडेलं: स्ट्रॅटोकास्टर (लाडाने स्ट्रॅट) १९५४ सालची, लेस पॉल १९५२ची. पहिलीच्या तारेची लांबी साडेपंचवीस इंच, दुसरीची पाऊण इंचाने कमी, म्हणून दुसरीची तार बोटाला मऊ लागते. पण ती बया चार किलोच्या पुढे भरते, आणि माझा डावा खांदा फळ्यावर लिहून आधीच कामातून गेलेला. (हो, मी डावरी आहे. नाही, डावऱ्यांची गिटार ग्वाल्हेरात मिळत नाही. तो विषय नको.) म्हणून स्ट्रॅटच्या घाटाची, बजेट पंधरा हजार.

बाड्यामागच्या गल्लीत एक दुकान आहे. बँडवाल्यांचे ढोल, तबले, पेट्या, आणि मागच्या भिंतीवर प्लास्टिकच्या पिशवीत घातलेल्या तीन इलेक्ट्रिक गिटार. मालकाने माझ्याकडे पाहिलं, मग चिरंजीवांकडे पाहिलं आणि विचारलं, "बेटा, कौन सी क्लास में हो?"

मी म्हटलं, गिटार मला हवी आहे.

"हाँ मैडम, आप ही तो दिलाएँगी."

पुढची दहा मिनिटं मी प्रश्न विचारत होते आणि उत्तरं चिरंजीवांना मिळत होती. तारा पडद्यांपासून, म्हणजे दांडीवरच्या आडव्या पट्ट्यांपासून, किती उंच आहेत? "बेटा, ब्लैक ले लो, सब बच्चे ब्लैक ही ले जा रहे हैं." पडद्यांची टोकं हाताला बोचतात, घासून मिळतील का? "बेटा, बैग फ्री है." बाराव्या पडद्यावरचा सूर मोकळ्या तारेच्या बरोबर दुप्पट येतो का ते मी तपासायला लागले, तेव्हा तो चिरंजीवांना हळूच म्हणाला, "मम्मी ने यूट्यूब देखा है." चिरंजीव हसले. त्यांची रात्रीची पोळी मी लक्षात ठेवून जरा करपवली.

मग त्याने ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा डबा, लावला. जिथे त्याचा हीटर लावला होता त्याच बोर्डात. घूंऽऽऽ असा आवाज दुकानभर पसरला.

आणि कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "तंबोरा कुणी छेडला?"

स्टुलावर एक काका बसले होते. माकडटोपी, तिच्यावर मफलर, मफलरवर शाल. डिसेंबरात आमच्याकडे म्हातारी माणसं अशी थरांतच भेटतात. डोळे मिटलेले. मला आधी वाटलं, ते पेटीच्या खोक्यावर ठेवलेलं कापड आहे.

"तंबोरा नाही काका, विजेचा आवाज आहे."

काकांनी मान तिरकी केली. "पांढरी पाच. किंचित वर." थोडं थांबून, "वीज मंडळ चढं आहे."

मी घरी येऊन हिशेब केला. आपली वीज ५० हर्ट्झची. पांढरी पाच म्हणजे पेटीची पाचवी पांढरी पट्टी, तिचा खालचा षड्ज ४९. म्हातारा बरोबर होता. पण हे घरी. दुकानात मी उत्साहाने समजावायला गेले, की या गिटारच्या पिकअपमध्ये लोहचुंबकाभोवती एकच वेटोळं असतं, तार हलली की त्यात वीज तयार होते, पण तेच वेटोळं आसपासची वीजही ओढून घेतं. म्हणून १९५५ साली एकाने दोन उलटी वेटोळी शेजारी बसवून हा आवाज मारला, वगैरे. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं,

"तुम्ही कोणाकडच्या?"

ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला हा प्रश्न चुकत नाही. लष्कर या आमच्या भागात मराठी घरं उरली किती, आणि त्यातली प्रत्येकजण कोणाची तरी सून. मी सांगितलं.

"म्हणजे दौलतगंजातल्यांच्या सूनबाई! तुमचे सासरे चांगलं ऐकायचे." मग गिटारकडे पाहत, "ही मुलगा बजावणार?"

(आमच्या मराठीत वाद्यं वाजत नाहीत, बजतात. पुण्याच्या नणंदेला याचं अजून हसू येतं.)

"मी बजावणार."

"अच्छा." त्या अच्छामध्ये गेली शंभर वर्षं होती. १९१८ साली निघालेल्या माधव संगीत महाविद्यालयात आपण शिकलो, हे त्यांनी लगेच सांगितलं. मग बोटाने गिटारच्या दांडीवर टकटक केलं. "हे पडदे कशाला? जिवाजीगंजात सरोद घर आहे, पाहिलंत? सरोदला एक पडदा नाही. नुसता पोलादी पत्रा, आणि नखाने सूर शोधायचा. पडदे म्हणजे काय, आंधळ्याला भिंत. सा द्या बघू."

मी जाडी तार मोकळी छेडली.

"आता गंधार."

चौथा पडदा दाबला.

काकांनी चिंच चावल्यासारखं तोंड केलं. तानसेनाच्या कबरीजवळच्या चिंचेचा पाला चावला की गळा सुरेल होतो म्हणतात. यांनी चिंच चावली असावी, पाला राहिला. "चढा आहे."

"ट्यून करून दिलीय काका."

"सा बरोबर आहे. गंधार चढा आहे. खर्ज पुन्हा द्या, सोडू नका. आत ऐका. स्वयंभू गंधार येतोय की नाही? तो कुठे आणि तुमचा कुठे!"

हेही खरंच आहे. खर्जाची तार छेडली की तिच्यातून आपोआप एक गंधार ऐकू येतो, तो स्वयंभू. गिटारचे पडदे सप्तकाचे बारा सारखे तुकडे पाडून बसवलेले असतात. त्या हिशेबात शुद्ध गंधार त्या स्वयंभूपेक्षा सप्तकाच्या बाराशे भागांपैकी चौदा भाग वर जातो. मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि माकडटोपीतल्या माणसाने भर दुकानात सांगणं वेगळं.

"तार ओढून घ्यायची," मी म्हटलं.

"ओढली की अजून चढेल. उतरवणार कशी?"

इथे मी थांबायला हवं होतं. पण दांडा होता ना! स्ट्रॅटला घोडीशी एक दांडा असतो, तो दाबला की तारा ढिल्या होऊन सूर खाली येतो. मी म्हटलं, ही पाहा उतरवली, आणि दाबला. गंधार उतरला. त्याच्याबरोबर उरलेल्या पाच ताराही उतरल्या, आणि दांडा सोडल्यावर एकही जागेवर परत आली नाही. नंतर जो आवाज आला तो ऐकून काकांनी मफलर कानावर ओढला.

"मैडम, ट्यूनिंग बिगाड़ दी," मालक म्हणाला. सबंध तासात माझ्याशी थेट बोललेलं हे त्याचं दुसरं वाक्य. तिसरं: "साढ़े चौदह."

मी घेतली. निळी. रागात घेतली म्हटलं तरी चालेल. मालकाने पावतीपुस्तक उघडून विचारलं, "बेटा, नाम बोलो," आणि चिरंजीवांनी, देव त्यांचं भलं करो, स्वतःचं नाव सांगितलं.

उत्तर मला सुचलं ते नवी सडकेच्या गर्दीत, पुढे ई-रिक्षा आडवी आलेली असताना. काका दुकानात आले होते पेटी घेऊन! आणि पेटीचे सूर कुठले? तेच ठोकून बसवलेले बारा तुकडे. याच कारणासाठी आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली, ती १९७१ला अंशतः उठली. एकतीस वर्षं! हे मी तिथे म्हणायला हवं होतं. परत फिरावं असंही क्षणभर वाटलं. चिरंजीव म्हणाले, आई, हिरवा झाला.

मग आठवलं. मी आत शिरले तेव्हा मिस्त्री मागे जमिनीवर बसला होता. उघडी पेटी, पितळी रीडखाली सरकवलेली पोलादी पट्टी, हातात बारीक कानस. रीडच्या बुडाशी दोनदा घासायचं, भाता मारायचा, काकांकडे बघायचं. काका डोळे मिटून, "अजून उतरव." पुन्हा दोनदा. "अजून एक केस." दुरुस्ती चालू आहे असं मला वाटलं होतं. म्हातारा गंधार उतरवून घेत होता.

रात्री साडेअकराला सगळे झोपल्यावर ॲम्प न लावता गिटार मांडीवर घेतली. जाडी तार मोकळी छेडली. चौथ्या पडद्याच्या जरा अलीकडे बोट न दाबता नुसतं टेकवलं, की तारेतला तो आतला गंधार घंटेसारखा मोकळा वाजतो. मग त्याच तारेवर तोच पडदा दाबला.

चढा आहे मेला.