दुसऱ्यांच्या आगीचा रेडिओ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साऊथ वेल्स राज्यात वणवे विझवणाऱ्या रूरल फायर सर्व्हिसचा, म्हणजे आरएफएसचा, रेडिओ मी उन्हाळ्यात स्कॅनरवर, म्हणजे असं बोलणं नुसतं ऐकण्याच्या यंत्रावर, ऐकते, या माझ्या लेखावर तुम्ही परखडपणे लिहिलंत. तुमचं म्हणणं असं: लोकांची घरं जळत असताना असं ऐकत बसणं म्हणजे अपघात दिसला की गाडी हळू करून बघणाऱ्यांतलीच गत. सरकारी ॲप आहे, बातम्या आहेत, तेवढं पुरे. अर्धवट ऐकलेलंच पुढे व्हॉट्सॲपवर अफवा होऊन फिरतं. २०१९ च्या डिसेंबरात सिडनीत केलीव्हिलला राहणाऱ्या तुमच्या बहिणीला असाच एक मेसेज आला आणि पुण्यात तुम्ही सगळे रात्रभर जागे होतात. शेवटी तुम्ही विचारलंत, हे कायद्यात तरी बसतं का?

कायद्याचं आधी संपवते. इथे नुसतं ऐकण्याच्या यंत्राला परवाना लागत नाही. पोलिसांचं आणि ॲम्ब्युलन्सचं बोलणं सांकेतिक केलेलं असतं, ते ऐकू येतच नाही. आरएफएसचं बहुतेक खुलं असतं. भारतात मात्र १९३३ च्या कायद्यापासून वायरलेस यंत्र परवान्याविना बाळगायला बंदी आहे, तेव्हा माझा लेख वाचून तिकडे कुणी स्कॅनर मागवू नये.

आता मुख्य आक्षेप. तुम्हाला वाटतं या रेडिओवर किंकाळ्या आणि थरार ऐकू येत असेल. खरं तर बहुतेक वेळ काहीच येत नाही. मग एखादा शांत आवाज : "फायरकॉम, अमुक सेव्हन अल्फा, ऑन सीन." फायरकॉम म्हणजे नियंत्रण कक्ष, अमुकच्या जागी ब्रिगेडच्या गावाचं नाव, आणि आकडा बंबाच्या प्रकाराचा. वन म्हणजे तीन हजार लिटरहून जास्त पाण्याचा मोठा टँकर, सेव्हन त्याच्या निम्म्या पाण्याचा, नाइन म्हणजे अरुंद वाटेवर घुसणारी छोटी गाडी. पुढे कळतं की कुणीतरी परवाना काढून पालापाचोळा जाळत होतं आणि शेजाऱ्याने धूर पाहून ट्रिपल झिरोला, म्हणजे इथल्या आणीबाणीच्या नंबरला, फोन केला होता. गाडी परत फिरते. ऑक्टोबर ते मार्च या वणव्यांच्या काळात असे फोन रोजचेच. यात चव घेण्यासारखं काही नसतं. पण बोलणारी माणसं कोण आहेत बघा. आरएफएसमध्ये सत्तर हजारांहून अधिक स्वयंसेवक आहेत. कुणी प्लंबर, कुणी शिक्षक, कुणी निवृत्त, आणि बंबावर जाण्याचा त्यांना पगार नाही. त्यांचा आवाज ऐकणं हा मला त्यांचा अपमान वाटत नाही. ते रात्री दोन वाजता निघाले होते हे गावात कुणाला तरी माहीत असावं, असं मला मनापासून वाटतं.

मोठी आग लागते तेव्हा रेडिओवर जे ऐकू येतं, त्यासाठीच मी खरी ऐकते. पहिला बंब पोचला की सिटरेप, म्हणजे परिस्थितीचा अहवाल, देतो : धुराचा रंग, वारा कुठून, जमीन चढती की उतरती, पुढे घरं आहेत का. चढावर आग दर दहा अंशांना साधारण दुप्पट वेगाने पळते, म्हणून उताराचा उल्लेख कधी चुकत नाही. निलगिरीच्या काही जातींची साल लांब पट्ट्यांनी सुटते आणि पेटलेली साल वाऱ्यावर पुढे जाऊन पडते, म्हणून "स्पॉटिंग" हा शब्द आला की सगळ्यांचं बोलणं आखूड होतं. आपल्याकडे सह्याद्रीत डोंगरउतारावरच्या वाळल्या गवताचा वणवा मी लहानपणी पाहिलाय. वनखात्याची माणसं उन्हाळ्याआधी जाळरेषा काढायची, आणि आग आलीच तर हिरव्या फांद्यांनी झोडपून विझवायची. तेवढ्या अनुभवावर इथे आलेल्या माणसाला इथली आग कळत नाही. मलाही ती आधी पुस्तकातून कळली नाही, रेडिओवरून कळली.

त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाऱ्याची. भर उन्हाळ्यात खंडाच्या मधल्या वाळवंटाकडून वायव्येचा तापलेला, कोरडा वारा येतो. आग आग्नेयेकडे धावते आणि लांबट होते. मग दक्षिणेकडून थंड वाऱ्याचा पट्टा किनाऱ्याने वर सरकतो, पारा बघता बघता खाली येतो, आणि घरात बसलेल्या माणसाला वाटतं, सुटलो. धोका नेमका तेव्हाच असतो. तोवर आगीची जी लांब बाजू नुसती धुमसत होती, ती नव्या वाऱ्यासमोर येते आणि कित्येक किलोमीटरची ती अख्खी बाजू आघाडी होऊन ईशान्येकडे सुटते. रेडिओवर या बदलाची चर्चा खूप आधी सुरू होते : वारा आता कुठवर पोचला, इथे किती वाजता येईल, तोवर त्या बाजूच्या गाड्या काढून जळून काळ्या झालेल्या जमिनीवर आणा. घाई नसते, आरडाओरडा नसतो. हे एकदा ऐकलं की "संध्याकाळी वारा बदलणार" ही ॲपवरची ओळ माणूस वेगळ्या तऱ्हेने वाचतो. बाहेर गार झालं म्हणून मी कधीही सामान परत गाडीतून काढत नाही.

तुम्ही म्हणता ॲप पुरे. घर सोडायचं की नाही हे ठरवायला 'हॅझर्ड्स निअर मी' (पूर्वीचं 'फायर्स निअर मी') हे सरकारी ॲप आणि एबीसी या सरकारी प्रसारण संस्थेचं स्थानिक रेडिओ केंद्र हेच प्रमाण, यावर आपलं दुमत नाही. ॲडव्हाइस, वॉच अँड ॲक्ट, इमर्जन्सी वॉर्निंग, या इशाऱ्याच्या चढत्या पायऱ्या ठरवणाऱ्यांसमोर अख्खा नकाशा असतो. माझ्या कानावर एका चॅनेलचा तुकडा येतो. स्कॅनर ऐकून "अजून वेळ आहे" असं स्वतःच ठरवणारा माणूस मूर्खपणा करतो, आणि तसं मी लेखातही लिहिलं होतं. पण इशारा कळणं आणि उमगणं यांत अंतर असतं. १७ ऑक्टोबर २०१३ ला इथे स्प्रिंगवूड-विनमलीच्या परिसरात एका दुपारीत सुमारे दोनशे घरं गेली. एवढ्या थोड्या वेळात आग अंगणात येते हे ज्याने मनात कधी घेतलंच नाही, तो ॲपवर लाल खूण दिसल्यावरही कागदपत्रं शोधत बसतो. केलीव्हिल, राऊस हिल आणि त्यांच्या पलीकडच्या झाडीला लागून कितीतरी मराठी घरं आहेत. रस्त्याकडेच्या धोक्याच्या फलकावर सप्टेंबर २०२२ पासून चारच पायऱ्या आहेत, मॉडरेट, हाय, एक्स्ट्रीम, कॅटॅस्ट्रॉफिक. तरी त्याकडे बघून काय करायचं हे आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसतं. मी जे लिहिते ते त्यांच्यासाठी.

अफवांबद्दल मात्र तुमचा राग अगदी रास्त आहे. त्या रात्री तुमच्या घरावर काय गुदरलं असेल ते मला कळतं. अफवा कशी होते तेही सांगते. आगीला नाव मिळतं ते ती जिथे सुरू झाली त्या जागेचं, आणि मग ती कुठेही गेली तरी नाव तेच राहतं. गॉस्पर्स माउंटनची आग २६ ऑक्टोबर २०१९ ला वोलेमाय राष्ट्रीय उद्यानात वीज पडून लागली आणि पाच लाख हेक्टरांहून जास्त भाग तिने जाळला, म्हणजे बृहन्मुंबईच्या आठपटींहून अधिक. मूळ डोंगरापासून कितीतरी लांब लोक तिच्याशी लढत होते, तरी नाव गॉस्पर्स माउंटनच. एखाद्या आगीला रस्त्याचं नाव असेल, तर स्कॅनरवर ते ऐकून त्या रस्त्यावरची घरं पेटली असं कुणीही समजेल. "प्रॉपर्टी अंडर थ्रेट" म्हणजे आग घराच्या रोखाने आहे, घर गेलं असं नव्हे. हे माहीत नसलेला माणूस सद्हेतूनेच मेसेज टाकतो आणि पुण्यात कुणाची झोप उडते.

म्हणून माझा एक पक्का नियम आहे : स्कॅनरवर ऐकलेलं एक अक्षरही पुढे पाठवायचं नाही. रेकॉर्ड करायचं नाही, गटात टाकायचं नाही, नवऱ्याच्या मित्राने विचारलं तरी नाही. विचारणाऱ्याला ॲपची लिंक द्यायची. आणि कुणाला इजा झाल्याचं कानावर आलं की यंत्र बंद. १९ डिसेंबर २०१९ ला बक्स्टनजवळ हॉर्सली पार्क ब्रिगेडच्या बंबावर झाड कोसळलं, बंब उलटला, दोन तरुण स्वयंसेवक गेले. दोघांनाही दीड-दीड वर्षाची मुलं होती. त्यानंतर अकराच दिवसांनी जिंजेलिकला आगीने उठवलेल्या वावटळीने एक बंब उलटवला आणि आणखी एक स्वयंसेवक गेला. अशी बातमी घरच्यांना आधी कळली पाहिजे, आणि ती घरी येऊन सांगणाऱ्या माणसाकडूनच. ती ऐकण्याचा हक्क मला नाही. गाडी हळू करून बघणाऱ्याची तुमची तुलना इथे लागू होते, आणि या ठिकाणी मी तुमच्या बाजूला आहे.

पण एवढ्यावरून ऐकणंच वाईट ठरवायला मी तयार नाही. तुम्ही दोष द्यायला हवा तो मेसेज पुढे पाठवत राहण्याच्या सवयीला; ती सवय स्कॅनरशिवायही तितकीच जोमात आहे. स्कॅनर बंद केल्याने तुमच्या बहिणीचा गट शांत होणार नाही. गटातल्या चार जणांना आगीची भाषा कळली तर होईल.

बहिणीला एक सांगा. दर सप्टेंबरात आरएफएसचा 'गेट रेडी वीकेंड' असतो, तेव्हा ठिकठिकाणच्या ब्रिगेडचं शेड लोकांसाठी उघडं ठेवतात. मुलांना बंबात बसवतात, घराची वणवा-योजना कशी लिहायची ते समोर बसून दाखवतात, छपराच्या पन्हाळीतला पाला आधी काढा म्हणून बजावतात. तिला तिथल्या स्वयंसेवकांनाच विचारू दे, तुमचं बोलणं बाहेरचं कुणी ऐकतं ते तुम्हाला आवडतं का. ते काय म्हणाले ते इथे नक्की लिहा. त्यांनी नको म्हटलं, तर त्यावर मला गांभीर्याने विचार करावा लागेल.