पारा उतरतो, पातेलं चढतं

पुण्यात थंडी पडल्याचं पुणेकराला पेपर वाचल्यावर कळतं. पहाटे दात वाजत असले तरी तो वाट बघतो ती ‘पारा ९ अंशांवर’ या मथळ्याची. एकदा छापून आलं की मग गारठायला हरकत नसते. त्यातही भागवार आकडे असतात. पाषाणचा आकडा शिवाजीनगरपेक्षा खाली गेला की पाषाणकर दिवसभर अशा ऐटीत वावरतात, जणू थंडी त्यांनी सोसायटीच्या मेंटेनन्समधून आणवली आहे. कोरेगाव पार्क आणि मगरपट्ट्याचे आकडे नेहमी वर असतात, त्यामुळे तिकडच्या नातेवाइकांना या विषयावर कोणी बोलू देत नाही.

आता या शहराचा थंडीशी संबंध अगदीच नाही असं नव्हे. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून इथे आलं. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला लोक अजून सिमला ऑफिसच म्हणतात आणि चौकालाही तेच नाव पडलंय. सिमल्याहून फायली आल्या, उपकरणं आली, साहेब आले, बर्फ तेवढा यायचा राहिला. पुण्याचा आजवरचा नीचांक १.७ अंशांचा, १७ जानेवारी १९३५ चा. आमच्या आईचा जन्म त्यानंतर काही वर्षांनी झाला, पण त्या दिवसाची हकीगत ती डोळ्यांनी पाहिल्यासारखी सांगते. तिच्या सांगण्यात अंगणातली घागर गोठलेली असते. दरवर्षी त्या घागरीवरचा बर्फ थोडा जाड होत जातो.

हे सगळं ऐकायला मला काही त्रास नसतो. त्रास पुढे सुरू होतो. कारण पारा उतरला की या शहरात स्वेटर नंतर निघतात, आधी फर्माइशी निघतात. आणि मी निवृत्त झाल्यापासून आमचं स्वयंपाकघर माझ्याकडे आहे. ही अजून बँकेत नोकरी करते. माझ्या निवृत्तीच्या दुसऱ्याच आठवड्यात तिने मला ओट्याचा चार्ज दिला, डब्यांसकट, यादीसकट. यादीवर मी सहीसुद्धा केली होती.

“आज काहीतरी गरमागरम कर ना,” असं ही म्हणते तेव्हा ती पांघरुणात असते. आई शाल, तिच्यावर दुसरी शाल आणि मांडीवर गरम पाण्याची पिशवी घेऊन खुर्चीत असते. चिरंजीव लॅपटॉप पोटावर ठेवून त्याची ऊब घेत असतो. थंडीतल्या जेवणात केवढं सुख असतं, यावर या तिघांचं एकमत आहे. फरशीवर उभं राहून गार पाण्यात पालेभाजी धुणाऱ्याचं मत कोणी विचारलेलं नाही.

आपल्याकडचे थंडीचे पदार्थ ज्याने कोणी ठरवले, त्याच्या घरी माणसं भरपूर असणार. मटार स्वस्त झाले म्हणून ही मंडईतून पिशवी भरून आणते. ते सोलायचे. हरभऱ्याच्या जुड्या आणते, तेही सोलायचे, आणि त्या घाट्यांची आंब बोटांना लागून नखं हिरवी-काळी होतात ती वेगळी. पावटा सोलायचा. लसूण सोलायचा, कारण थंडीत लसणाची चटणी रोज हवी. संध्याकाळी सोलायला सगळे टीव्हीपुढे बसतात खरे, पण आमच्या चिरंजीवांच्या वाट्याच्या शेंगांतून पातेल्यात दाणा पडल्याचा आवाज मी अजून ऐकलेला नाही. त्याच्या तोंडातून मात्र येतो.

डिंकाच्या लाडवांबद्दल तर बोलायलाच नको. तरी बोलतो. खोबरं किसायचं, ते भाजायचं. खारीक फोडून तिची पूड करायची. विकतची खारीकपूड आईला चालत नाही, त्यात बियासुद्धा दळलेल्या असतात असा तिचा संशय आहे. खसखस भाजायची. डिंक तुपात तळायचा, तोही थोडा थोडा. आच मोठी झाली तर वरून फुलतो आणि आत कच्चा राहतो, मग तो कच्चा खडा दाताला चिकटतो आणि खाणारा माणूस जेवण संपेपर्यंत फक्त मान हलवून उत्तरं देतो. एवढं करून लाडू डब्यात जातात तोवर दुपार झालेली असते, आणि पुण्याची दुपार म्हणजे भर जानेवारीतही तीस अंशांच्या घरात. हवा कोरडी, आकाश निरभ्र, त्यामुळे रात्री जमिनीची ऊब भराभर निघून जाते आणि दिवसा ऊन तितक्याच भराभर तापवतं. पहाटे जे कुटुंब डिंकाच्या लाडवासाठी आसुसलेलं असतं, तेच दुपारी पंखा लावून “उष्ण पडेल रे” म्हणतं. आपली थंडी साडेनऊला ऑफिसला जाते. लाडू डब्यातच राहतात.

शिवाय याच दिवसांत स्वयंपाकघरातल्या सगळ्या वस्तू असहकार पुकारतात. इडलीचं पीठ फुगत नाही. तूप बरणीतून निघत नाही. खोबरेल तेल चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली गेलं की गोठतं, तेव्हा आमच्याकडे बर्फ पडतो तो बाथरूममधल्या बाटलीत. दही लागत नाही, म्हणून आई विरजणाचं भांडं माझ्या जुन्या स्वेटरात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवते. जुना म्हणायचा एवढंच. लोकरीचा, पूर्ण बाह्यांचा, घरातला सगळ्यात उबदार स्वेटर आहे तो. मी बिनबाह्यांचा घालून भाकरी थापतो.

तशात टोरांटोहून भाचीचा व्हिडिओ कॉल आला.

तिच्याकडे सकाळचे नऊ, आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात. हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक असतो आणि तिचा फोन हमखास माझ्या भाकरीच्या वेळेला येतो. “मामा, आज स्नो डे!” ती ओरडली. “शाळेच्या बस रद्द. मुलं घरी. बाहेर उणे अठरा आहे!” तिच्यामागच्या खिडकीत सगळं पांढरंशुभ्र होतं. तिचा नवरा फावड्याने दारापुढचा बर्फ उपसत होता. आणि ही बया अर्ध्या बाह्यांच्या टीशर्टात, अनवाणी. इकडे मी स्वेटर, मफलर, कानटोपी, पायमोजे अशा वेशात. तिने स्क्रीन जवळ घेतली आणि काळजीने विचारलं, “मामा, तू आजारी आहेस का?”

त्यांच्याकडे थंडी बाहेर असते. दुहेरी काचा, भिंतीत उष्णतारोधक थर, घरभर हीटिंग, आत वीस-एकवीस अंश. आपली घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली. बाहेर गॅलरीत उन्हात बरं वाटतं आणि आत आलो की फरशी तळपायातून वर चढते. उणे अठरातली माणसं आइस्क्रीम खातात आणि अधिक नऊमधली माणसं गरम पाणी पितात, यात काही गूढ नाही.

“तुमच्याकडे अशा दिवशी काय करतात गं खायला?” मी विचारलं. माणसाने दुसऱ्याचं सुख विचारू नये. ती म्हणाली, “सोप्पं असतं रे! चिली करतात. बीन्स, टोमॅटो, खिमा, मसाले, सगळं सकाळी स्लो कुकरमध्ये टाकायचं, बटण दाबायचं, संध्याकाळी खायचं. नाहीतर चिकन सूप. नाहीतर मॅक अँड चीज. टोमॅटो सूप आणि ग्रिल्ड चीज सँडविच तर मुलंसुद्धा करतात.”

म्हणजे बर्फाच्या दिवसाचं जेवण आपलं आपण शिजतं आणि मधल्या वेळात माणूस खिडकीत बसून बर्फ बघतो! सोलणं नाही, कुटणं नाही, भाजून थंड करून पुन्हा दळणं नाही. मी तव्यावरची भाकरी उलटली. तीळ लावलेल्या बाजूने ती फुगता फुगता एका ठिकाणी फुटली आणि वाफ बरोबर माझ्या बोटावर आली.

“पण मला ते नकोय,” भाची म्हणाली. “आजीच्या हातची शेंगोळी हवीत. सांग, कशी करायची?”

आईने दोन्ही शाली बाजूला सारल्या. गरम पाण्याच्या पिशवीला जमलं नव्हतं ते त्या एका वाक्याने केलं.

हुलग्याचं पीठ भाचीला तिकडच्या भारतीय दुकानात मिळालं नव्हतं, पण कुलथी लिहिलेलं हुलग्याचं पाकीट मिळालं होतं. ते तिने मिक्सरवर दळून, चाळून ठेवलं होतं. त्यात मूठभर कणीक, वाटलेला लसूण, जिरं, तिखट, हळद, ओवा, मीठ. पीठ घट्ट मळायचं. मग तेलाचा हात लावून छोटी गोळी घ्यायची आणि दोन तळव्यांत वळत करंगळीहून बारीक वळी करायची. तिची दोन टोकं जुळवायची की झालं एक शेंगोळं. हे एक. घरातल्या माणसांना पुरतील एवढी वळेपर्यंत तळहाताला लसूण आणि तिखट मिळून जी आग होते, ती मी शेकोटी म्हणून मोजतो. आई कॅमेऱ्यात तोंड घालून सूचना देत होती. “अगं बारीक वळ, बारीक! जाड राहिलं की आत कच्चं राहतं. बाळू, तिला दाखव तू करून.” म्हणून भाकऱ्या बाजूला ठेवून मीही पीठ मळायला घेतलं. माझ्या घरात त्या दिवशी पिठलं-भाकरीचा बेत होता, हे लक्षात कोण ठेवतो.

“आता फोडणी,” आई म्हणाली. “तेल चांगलं तापू दे. धूर निघाला पाहिजे.”

भाचीने आज्ञा पाळली. लसूण, जिरं, हिंग तेलात पडलं आणि पुढच्याच क्षणी फोनमधून कर्णकर्कश भोंगा सुरू झाला. आईने कानावर हात घेतले. “काय झालं रे? युद्ध झालं का?” तिकडच्या घरात छताला धुराची घंटा बसवलेली असते आणि आपली फोडणी तिला आग वाटते. भाची खुर्चीवर उभी राहून टॉवेल हलवत होती, मुलं आनंदाने किंचाळत होती, नवरा फावडं घेऊन आत धावला आणि त्याने खिडकी सताड उघडली. तिचे टॉवेलचे हात आणि बाहेरून आत येणारे बर्फाचे कण एवढंच आम्हाला दिसत होतं.

“झाकण ठेव म्हणावं कढईवर,” आई शांतपणे म्हणाली. “आणि पाणी घाल. लसूण करपेल.”

पाणी घातलं गेलं. खरी मेख पुढेच असते. पाण्याला खळखळून उकळी आल्याशिवाय शेंगोळी आत सोडायची नाहीत, आणि सोडायची तीही थोडी थोडी, उकळी मोडू न देता. ती मोडली की कडा विरघळतात, पीठ सुटतं आणि सगळ्याचं पिठलं होतं. थोडं पीठ मात्र मुद्दाम पाण्यात कालवून घालायचं, त्याने रस्सा दाट होतो. हे आई ओरडून सांगत होती, भोंगा तिच्यापेक्षा मोठ्याने ओरडत होता आणि उघड्या खिडकीतून उणे अठराचा वारा थेट कढईवर येत होता. भाचीने घाईघाईत ताटातली सगळी शेंगोळी एकदम लोटली आणि फोन बंद पडला.

आमची मात्र छान झाली. वीसेक मिनिटं मंद आचेवर शिजली, रस्सा दाट झाला, लसणाचा वास जिन्यात गेला. समोरच्या फ्लॅटमधले अण्णा “पेपर आहे का आजचा?” म्हणून रात्री साडेआठला आले. पेपर न वाचता जेवून गेले. जाताना म्हणाले, “भोगीला काय बेत?” भोगीला बाजरीची भाकरी, मुगाची खिचडी आणि ती मिसळीची भाजी, म्हणजे वांगी, गाजर, पावटा, ओला हरभरा, बोरं, उसाची पेरं आणि वर तिळाचं कूट. पुन्हा सगळं सोलायचंच. अण्णांना मी सांगितलं, भोगीला तुम्ही संध्याकाळी सहालाच या, शेंगा घेऊन बसू. त्यांना तेव्हाच आठवलं की त्या दिवशी ते हुरडा पार्टीला चाललेत.

रात्री उशिरा भाचीचा फोटो आला. खोल काचेच्या भांड्यात तपकिरी, दाट, गुळगुळीत काहीतरी. एकही शेंगोळं शोधून सापडेना. वर पांढऱ्या किसाचा जाड थर, आणि खाली लिहिलं होतं, ‘मामा, नावालाही उरलं नाही! मुलं म्हणाली चिलीपेक्षा बेस्ट!’

आईने चष्मा लावून फोटो पुष्कळ वेळ पाहिला, बोटांनी मोठा केला, पुन्हा पाहिला.

“वरती काय घातलंय रे तिने? खोबरं का?”

“हो,” मी म्हटलं. “तिकडे जाड किसून मिळतं.”