मेनूवरचं हिरवं पान गेलं चुलीत!

'व्हेगन-फ्रेंडली' म्हणे! व्हेगन म्हणजे मांसच काय, दूध, अंडी, मधही न खाणारे, माझ्यासारखे; आणि आम्हाला चालेल म्हणून पदार्थाशेजारी मेनूवर छापतात ते हे हिरवं पान. कसली डोंबलाची फ्रेंडली? ही कुठली मैत्री, जिथे जेवायला आलेल्या माणसानं आधी उलटतपासणी घ्यायची, आत निरोप पाठवायचे, वाढणाऱ्याच्या कपाळावरच्या आठ्या झेलायच्या आणि शेवटी कोरडा पाला चावून वर 'थँक यू सो मच' म्हणायचं?

मी टूसॉनमध्ये राहते. अ‍ॅरिझोनातलं, सोनोरन वाळवंटातलं गाव. जूनमध्ये पारा चाळिशीच्या वर ठाण मांडून बसतो, गाडीचं स्टिअरिंग हाताला चटका देतं, आणि एवढ्या उन्हात कुणी जेवायला बाहेर पडतंय तर किमान तिथे पोचल्यावर जेवायला मिळावं, एवढीच माफक अपेक्षा असते. गावात पूर्ण व्हेगन जागा आहेत, चांगल्या आहेत, त्यांच्याबद्दल अवाक्षर काढणार नाही. पण चार माणसांत, ऑफिसच्या लोकांबरोबर, कुणाच्या वाढदिवसाला आपण त्या जागा निवडत नाही, निवडतात इतर. आणि ते निवडतात ती 'व्हेगन-फ्रेंडली' जागा. 'अगं तुझ्यासाठी मुद्दाम शोधलं, मेनूवर पान आहे बघ!' त्या पानानं माझा जेवढा छळ केलाय तेवढा तर उघडउघड स्टेकहाऊसनंही केला नाही. तिथे निदान जाताना घरून खाऊन जायचं हे माहीत असतं.

परवाचंच घ्या. सोनोरन पद्धतीचं मेक्सिकन जेवण मिळणारी जागा, नाव सांगत नाही. मेनूवर बीन बरिटो, म्हणजे टॉर्टिया नावाच्या पोळीत गुंडाळलेले बीन्स आणि भात, शेजारी हिरवं पान. तरी आता सवयच झालीय म्हणून वाढणाऱ्या पोराला विचारलं, बीन्समध्ये लार्ड, म्हणजे डुकराची चरबी, आहे का? 'नाही नाही, व्हेगन आहेत.' म्हटलं, बाबा रे, आत जाऊन एकदा मांतेका (लार्डचंच स्पॅनिश नाव) घालता का असं विचारून ये. तो गेला. झुलत्या दाराच्या गोल काचेतून मला आतलं दिसत होतं. कढईपाशी उभ्या असलेल्या बाईनं मागे वळूनसुद्धा न बघता हातातला झारा फळीवरच्या पांढऱ्या बादलीकडे रोखला. पोरगा चेहरा पाडून बाहेर आला. 'सॉरी मॅम, बीन्समध्ये आहे. टॉर्टियामध्ये पण आहे.' आणि भात? भात चिकनच्या स्टॉकमध्ये शिजवलेला. म्हणजे त्या बरिटोत छापलेलं पान सोडलं तर व्हेगन काहीही नव्हतं!

आता कुणी म्हणेल, डुकराची चरबी घालायची त्यांची पद्धतच आहे. अहो, मला माहितीये! मेक्सिकोतल्या सोनोरा प्रांताकडची पातळ, मोठी, मैद्याची टॉर्टिया परंपरेनं लार्डवरच होते, परतून घोटलेल्या बीन्सना चव त्यानंच येते, हे काही गुपित नाही. त्यांनी खुशाल करावं, पिढ्यान् पिढ्या करावं. माझं भांडण बादलीशी नाही, पानाशी आहे. ज्यानं तो मेनू छापून घेतला तो एकदाही स्वतःच्या स्वयंपाकघरात डोकावला नव्हता का? 'मांस दिसत नाही' म्हणजे व्हेगन, असा सरळ हिशेब. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं व्हेगन कशाला म्हणायचं याची कायदेशीर व्याख्याच केलेली नाही, त्यामुळे पान छापायला कुणाच्या बापाची परवानगी लागत नाही.

आणि हा प्रकार टपरीवरच होतो असं नाही. मॅकडोनाल्ड्सनं १९९० मध्ये फ्राइज वनस्पती तेलात तळणार म्हणून जाहीर केलं, लोक बिनधास्त खात राहिले, आणि पुढे कळलं की त्यात बीफचा अर्क घातलेला असतो. २००१ मध्ये दावा झाला, २००२ मध्ये १ कोटी डॉलरवर तडजोड झाली, माफीही मागितली गेली. खाणाऱ्यांमध्ये आपले हिंदू शाकाहारी लोक कितीतरी होते. म्हणून मी विचारते! हौस म्हणून नाही विचारत! टेबलावर बाकीचे सगळे मोबाइलमध्ये डोकं घालून 'ही आता सुरू झाली' असा चेहरा करतात, तेव्हा मला काय मजा वाटते का?

पण खरी तिडीक जाते ती वेगळ्याच गोष्टीनं. हे गाव म्हणजे काय साधंसुधं गाव आहे? २०१५ मध्ये युनेस्कोनं टूसॉनला 'सिटी ऑफ गॅस्ट्रॉनॉमी', म्हणजे खाद्यसंस्कृतीचं शहर, केलं, अमेरिकेतलं पहिलं. का केलं? इथे चार हजार वर्षांहून जास्त काळ शेती होतेय म्हणून, वाळवंटातलं जुनं अन्न अजून जिवंत आहे म्हणून. आणि ते अन्न आहे तरी काय, बघा. टेपरी बीन्स: तोहोनो ओओधाम या इथल्या मूळनिवासी लोकांचं कडधान्य, पावसाच्या एक-दोन सरींवर निघणारं, दिसायला बारीक, शिजायला चिवट आणि चवीला असं की एकदा खाल्लं तर बाकीचे बीन्स पिठूळ वाटतील. मेस्कीटच्या शेंगा: आपल्याकडच्या वेड्या बाभळीच्या कुळातलं झाड, त्याच्या वाळक्या शेंगा दळून गोडसर पीठ होतं, साखर घालावी लागत नाही. फड्या निवडुंगाची कोवळी पानं, म्हणजे नोपाल, काटे काढून परतलेली. चोया नावाच्या निवडुंगाच्या कळ्या, वसंतात चिमट्यानं खुडायच्या आणि भाजून काटे झाडायचे. उन्हाळ्याच्या तोंडाला सग्वारो या उंचच उंच निवडुंगाची फळं, लांब काठीनं पाडलेली, आटवून पाक केलेला. मिऱ्यापेक्षा थोडी मोठी, पण कानातून धूर काढणारी रानटी चिल्टेपिन मिरची.

यात दूध कुठे आहे? लोणी कुठे आहे? चरबी कुठे आहे? हे अन्न जन्मतःच व्हेगन आहे! गुरं आणि गहू इथे रुजवले ते किनो नावाच्या जेझुइट पाद्र्यानं, सतराव्या शतकाच्या शेवटी. त्याआधी या जमिनीवर माणसं हजारो वर्षं चीजशिवाय जगली, आणि नुसती जगली नाहीत, कालवे खणून शेती केली. मग युनेस्कोचा शिक्का दारावर लावून मिरवणाऱ्या जागेत मी गेले की माझ्यासमोर काय येतं? आइसबर्ग लेट्यूस. नुसतं पाणी, तेही गार. नाहीतर फ्रीजरमधली प्लँट-बेस्ड पॅटी, जी देशातल्या कुठल्याही विमानतळावर मिळते. टेपरी बीन्स मेनूवर असतात, नाही असं नाही. मोठ्या अक्षरांत, 'हेरिटेज' वगैरे लिहून. आणि त्यात बेकन, म्हणजे डुकराचं मांस, असतं! इतकं जुनं कडधान्य, त्यात बेकनचे तुकडे, वर मेक्सिकन क्रीमची रेघ. बेकन न घालता देता का? 'सकाळीच एकत्र शिजवून ठेवतो मॅम.' कपाळ!

त्या पॅटीचंही सांगते. 'व्हेगन बर्गर' म्हणून मागवला. पाव ब्रियोश, म्हणजे लोणी आणि अंडी. वर सॉस, म्हणजे मेयोनीज, म्हणजे पुन्हा अंडं. पॅटी मात्र वनस्पतीजन्य, ती बीफच्याच तव्यावर भाजलेली. हे सगळं दाखवून दिलं तर मॅनेजर येऊन मला समजावतो, 'पण पॅटी शंभर टक्के व्हेगन आहे.' अरे मी काय पॅटी हातात धरून घरी नेऊ?

पैशाचा हिशेब तर अजून संतापजनक. चीज काढा, सावर क्रीम काढा, चिकन काढा, किंमत तीच. एक सेंट कमी नाही. पण काजूचं चीज घाला म्हटलं की दोन-अडीच डॉलर जास्त. ग्वाकामोले, म्हणजे अवोकाडोची चटणी? त्याचे वेगळे. म्हणजे काढताना फुकट आणि घालताना दाम. मी निम्म्या घटकांचं जेवण पूर्ण किमतीत घेते, आणि मेनूवर मात्र 'आम्ही सर्वांची काळजी घेतो'. चौकशी करायची मी, जोखीम घ्यायची मी, पैसे भरायचे मी आणि सर्वसमावेशक म्हणून नाव व्हायचं यांचं. आयजीच्या जिवावर बायजी उदार!

मधाबद्दल बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण राहवत नाही. इथला मेस्कीटच्या फुलांचा मध प्रसिद्ध आहे, त्यामुळे तो ड्रेसिंगमध्ये, चहात, भाजलेल्या गाजरावर, जिथे हात पोचेल तिथे ओतलेला असतो, पानासकट. 'मध प्राण्यापासून मिळतो?' असं मला एका जागी खऱ्याखुऱ्या आश्चर्यानं विचारलं गेलं. नाही बाळा, नळाला येतो. आणि अगाव्हे नावाच्या वाळवंटी वनस्पतीचा पाक बारमध्ये चार पावलांवर ठेवलेला असतो, तो का नाही घालत?

त्यातून बारचा विषय निघालाच आहे तर ते गुलाबी पेय. निवडुंगाच्या फळाची मार्गारिटा इथे घरोघरी. फळाचाच रंग असेल तर काय बिघडलं, सुंदरच असतो. पण याच निवडुंगावर कापसासारखा पांढरा बुरा दिसतो ना, रस्त्याकडेला कुठल्याही झुडपावर बघा, त्याच्या आत कोचिनील नावाचे किडे असतात. चिरडले की किरमिजी रंग निघतो, आणि तोच रंग कार्माइन म्हणून खाण्यापिण्यात वापरतात. २०११ पासून अमेरिकेत पाकिटावर त्याचं नाव लिहावंच लागतं. पण ग्लासावर कुठे लेबल असतं? मिक्सची बाटली दाखवता का, एवढंच विचारलं होतं. बारवाल्यानं असं बघितलं जणू मी त्याच्या घराची झडती मागितली.

आपल्या लोकांनाही सोडणार नाही. 'इंडियन म्हणजे तुझी सोयच की', असं अमेरिकन मंडळी मला मोठ्या प्रेमानं सांगतात. सोय? नानमध्ये दही, वर लोणी, काळ्या डाळीत लोणी आणि क्रीम, वांग्याच्या भरतातसुद्धा शेवटी चमचाभर क्रीम. साध्या पिवळ्या डाळीवर शेवटी तुपाची फोडणी. तुपाचं विचारलं तर गल्ल्यावरचे काका हसत हसत म्हणतात, 'अरे दीदी, घी तो वेजही होता है ना!' वेज असतं हो, कोण नाही म्हणतंय? पण तुमच्याच मेनूवर 'व्हेगन दाल' लिहिलंय! बरं, तेलाची फोडणी द्यायला काय जास्तीचा गॅस जळतो? उलट तेल स्वस्त. चिकाटीनं मागितली की देतात, आणि तीच डाळ इतकी छान लागते की राग दुप्पट होतो. जमतं की तुम्हाला! मग आधीच का नाही?

आणि उन्हाळा. विद्यार्थी घरी जातात, हिवाळ्यापुरते आलेले पेन्शनर पाहुणे थंड प्रदेशात परततात, गाव ओस पडतं. मग ज्या छोट्या जागांवर आपला खरा भरवसा, त्याच वेळा कमी करतात किंवा सुट्टीवर जातात. मान्य आहे, त्यांचंही पोट आहे. पण वेबसाइटवर 'ओपन' लिहून दाराला हातानं लिहिलेला कागद चिकटवायचा हे काय? पार्किंगच्या त्या तापलेल्या डांबरावर, चपलेचा तळ मऊ होतोय, आणि मी काचेला नाक लावून कागद वाचतेय. मग पर्याय कुठला उरला? शेजारची 'व्हेगन-फ्रेंडली' जागा! आइसबर्ग!

टिप मात्र मी वीस टक्के ठेवतेच, ठेवते आणि धुसफुसते. कारण अ‍ॅरिझोनाच्या कायद्यात टिप मिळणाऱ्या नोकरांना किमान वेतनापेक्षा तासाला ३ डॉलरपर्यंत कमी देता येतात, आणि माझे प्रश्न घेऊन आतबाहेर धावणाऱ्या पोराचा यात काडीचा दोष नसतो. दोष त्या मालकाचा, ज्यानं पान छापलं आणि पोराला सांगितलंच नाही कशात काय आहे. त्यानं फार काही करू नये. नवा शेफ नको, काजूचं चीज नको, ट्रफल तेल तर मुळीच नको. टेपरी बीन्सचं एक पातेलं वेगळं शिजवावं, बेकनवाल्यांनी वरून बेकन घालून घ्यावं. टॉर्टिया मक्याच्या ठेवाव्यात, त्यात लार्ड नसतं. कुठल्या पदार्थात काय आहे याचा एक कागद काउंटरमागे चिकटवावा. आणि एवढंही होत नसेल, तर ते पान खोडावं. काळ्या मार्करनं, प्रत्येक मेनूवर. मी स्वतः येऊन खोडून देते, मार्कर माझा!