मोरांदी आणि त्यांची खोली

छायाचित्रकार हर्बर्ट लिस्ट यांनी १९५३ साली इटलीतील बोलोन्या शहरात टिपलेल्या, बाटल्या-भांड्यांची चित्रे काढणारे इटालियन चित्रकार जॉर्जो मोरांदी यांच्या छायाचित्रावरील एक लेख वाचला आणि तो आवडला. मात्र त्यात मोरांदींना 'जगापासून तुटलेला संन्यासी' म्हटले आहे, ते मला पटत नाही. चष्मा कपाळावर सरकवून समोरच्या बाटल्या आणि भांडी निरखणारा हा वृद्ध चित्रकार छायाचित्रात एकटा दिसतो, हे खरे. परंतु विया फोंदात्सा या रस्त्यावरील ते घर त्यांच्या तीन अविवाहित बहिणींचेही होते, आणि १९३० ते १९५६ अशी सव्वीस वर्षे ते बोलोन्याच्या कला अकादमीत अम्लरेखन (एचिंग, म्हणजे आम्लाने धातूच्या पत्र्यावर रेषा कोरून त्यावरून चित्र छापण्याची कला) शिकवत होते. १९४८ च्या व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात त्यांना पारितोषिकही मिळाले होते. झोपण्याची आणि चित्रे काढण्याची खोली एकच असलेल्या या माणसाचा एकांत त्यामुळे परिस्थितीने लादलेला नव्हता, तर कामासाठी रोज नेटाने राखलेला होता, असे मला वाटते.

मला या छायाचित्रात सर्वांत मोलाची वाटते ती नजर. मोरांदी बाटल्यांची चकाकी घालवण्यासाठी त्यांना रंग देत, त्यांवर साचलेली धूळ मुद्दाम पुसत नसत, आणि दोन वस्तूंमधील अंतर ठरवण्यात बराच काळ घालवत. लिस्ट यांनी त्यांना कुंचला हाती घेतलेल्या आवेशात न टिपता नेमके या पाहण्याच्या क्षणी टिपले. मोरांदींचे बहुतेक काम कुंचला उचलण्यापूर्वी, याच पाहण्यात होत असे.