लाडू, शेक आणि रात्रीचे दोन

आमच्या मावसभावंडांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एरवी कापसाचा भाव, लग्नाच्या पत्रिका आणि भुसावळचा पारा किती चढला एवढंच चालतं. गेल्या महिन्यात धुळ्याच्या धाकट्या बहिणीने तिथे एक प्रश्न टाकला. बाळ चार महिन्यांचं. बाळंतपणात वाढलेल्या सोळा किलोंपैकी अकरा अजून अंगावर. त्यात दूध पहिल्यासारखं येत नाही. "वजन उतरवायचंय, पण दूध आटायला नको. काय करू?"

दहा मिनिटांत ग्रुपचे दोन तट पडले. मोठ्या मावशीचा आवाज आला, अहिराणीतून, ठसक्यात : "डिंकना लाडू खाय व माय, नही ते दूध आटी जाई." त्याखाली जळगावच्या वहिनींनी त्यांच्या कोचचा नंबर टाकला. दोन जेवणांऐवजी दोन शेक, महिन्यात सहा किलो. गंमत बघा, आमच्याकडे बाळंतिणीला शेक म्हटला की बाजेखाली शेगडी आणि तीवर ओवा-शेपाची धुरी. आता त्याच शब्दाचा डबा मिळतो, चॉकलेट फ्लेवरचा.

मी आइंडहोवनला नऊ वर्षं आहे, नेदरलँड्समध्ये. गाव अमळनेर तालुक्यात. ग्रुपवर मला सगळे 'तिकडची' म्हणतात, त्यामुळे माझ्याकडे अपेक्षेने बघितलं गेलं. तिकडे काय करतात? तिथे मी दोन ओळींत उत्तर दिलं, ते मलाच पटलं नाही. म्हणून हे सविस्तर.

माझी मुलगी २०२२च्या नोव्हेंबरातली. आई येणार होती, पण ऐन वेळी आबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि तिला थांबावं लागलं. मला वाटलं, आता आपलं कसं होणार. तर इथे बाळंतपणानंतर घरी एक बाई येते, क्रामझोर्ग म्हणतात त्या सेवेला. बहुतेक खर्च आरोग्यविम्यातून. साधारण आठ दिवस, रोज काही तास. ती बाळाचं वजन करते, तुमचे टाके बघते, बाळाला छातीशी कसं धरायचं ते शिकवते, जाता जाता संडासही घासून जाते. आलेल्या पाहुण्यांना एक कुरकुरीत गोल टोस्ट देतात. त्यावर लोणी आणि साखरेत घोळवलेली बडीशेपेच्या जातीची बी. मुलगी झाली तर गुलाबी-पांढरी, मुलगा झाला तर निळी-पांढरी. नाव मौशेस, म्हणजे छोटे उंदीर. का देतात म्हणून विचारलं तर ती म्हणाली, पूर्वी लोक मानायचे की या बियांनी आईचं दूध वाढतं. मला हसूच आलं. आमच्याकडे जेवण झालं की बाळंतिणीच्या तळहातावर भाजलेला बाळंतशेपा ठेवतात, त्यामागेही तेच. सात हजार किलोमीटर लांब येऊन पुन्हा शेपाच.

नवव्या दिवशी ती गेली आणि घर रिकामं झालं. नवऱ्याला जन्मानंतरची एक आठवड्याची रजा, आणि पगाराच्या सत्तर टक्क्यांवर आणखी पाच आठवडे. तीही संपली. मग मी, मुलगी आणि खिडकीबाहेरचा पाऊस. लाडूचा डबा ऑफिसातल्या एका मुलाच्या बॅगेतून आला होता, स्टीलचा, झाकणाला चिकटपट्टी. आईने चाळीस लाडू मोजून पाठवलेले, डिंक-मेथीचे, लिंबाएवढे. दिवसाला दोन, अशी आज्ञा. मी दोन सकाळी, एक संध्याकाळी आणि एक रात्री रडू आलं की, असे खाल्ले.

इथे जरा हिशेब मांडते, कारण घरी कुणी मांडत नाही. पूर्ण अंगावर पिणारं बाळ दिवसाला सुमारे पाऊण लिटर दूध पितं. ते बनवायला शरीराला पाचशे ते सहाशे कॅलरी जादा लागतात. आपल्या आयसीएमआरनेही, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, पहिल्या सहा महिन्यांसाठी रोज सहाशे जादा सांगितल्या आहेत. तुपातल्या एका मोठ्या डिंकाच्या लाडवात दोन-अडीचशे कॅलरी सहज असतात. म्हणजे तीन लाडवांतच सगळं जादाचं संपलं, वर भाकर, खीर, हळीव वेगळंच. पण आमची मोठी आई हेच खायची आणि काडीसारखी राहायची. कसं? सव्वा महिना झाला की ती शेतात. बाळ बांधावरच्या निंबाला झोळीत, आणि ही कापसाच्या ओळीत, कमरेला ओटी बांधून दिवसभर वाकलेली. लाडवाचं माप कापूस वेचणाऱ्या बाईचं आहे. मी लॅपटॉपवर सॉफ्टवेअरच्या चुका शोधते. माप तेच राहिलं, काम बदललं, आणि वर तीच माणसं म्हणतात, "केवढी सुटलीस गं!"

हे वाक्य फक्त आपल्याकडे बोललं जातं असं समजू नका. इथे तोंडावर बोलत नाहीत, एवढंच. इथे शेजारीण सहा आठवड्यांत सायकलवर दिसते आणि तुम्ही आरशात बघता.

तर मी काय केलं? इथली रजा सोळा आठवड्यांची, त्यातले चार-सहा बाळंतपणाआधीच जातात. कामावर परतायला तीन आठवडे उरले आणि ऑफिसची पँट मांडीच्या वर चढेना. लाडवांचा डबा वरच्या फळीवर ठेवला. सकाळी काही नाही, दुपारी सूप, रात्री उकडलेल्या भाज्या. त्याच आठवड्यात मुलगी रात्री पाच तास सलग झोपायला लागली आणि मी देवाचे आभार मानून झोपले. ऑफिस सुरू झालं. इथल्या कायद्याप्रमाणे बाळ नऊ महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळेतला पाव भाग दूध पाजायला किंवा काढायला मिळतो, पगार न कापता, आणि आतून बंद होणारी खोलीही द्यावी लागते. मला खोली मिळाली. मीच मीटिंगांच्या नादात तीनऐवजी दोनदाच जायला लागले.

ती बाटली मला आजही डोळ्यांपुढे दिसते. दहा-दहा मिलीच्या रेघा. पहिल्या आठवड्यात एका वेळी १२० भरायचं. तिसऱ्या आठवड्यात ७०च्या रेघेवर येऊन थांबलं. पंप घुर्रघुर्र करतोय, मी बाटलीकडे टक लावून बसलेय, आणि कानात मावशी : दूध आटी जाई. वजन तेवढ्यात साडेतीन किलो उतरलं होतं. मला वाटलं, झालं, आपण उपाशी राहून पोरीच्या तोंडचं काढलं.

इथे बाळांसाठी सरकारी केंद्र असतं, कोन्सुल्तासी-ब्युरो. तिथे बाळाला वजनकाट्यावर उघडं ठेवतात आणि आलेखावर ठिपका देतात. आमचा ठिपका रेघेच्या खाली सरकला होता. मी लगेच कबुली द्यायला लागले : मी कमी खाते, माझंच चुकलं. नर्सने तेही लिहून घेतलं, पण पहिला प्रश्न वेगळाच विचारला. "चोवीस तासांत किती वेळा पाजता किंवा काढता?" मी बोटांवर मोजलं. पूर्वी नऊ-दहा, आता सहा. रात्री? रात्री एकदाही नाही. ती म्हणाली, मग दूध कमी होणारच.

दूध ताटातून येतं असं आपण धरून चालतो. दूध येतं ते मागणीवर. छाती जितक्या वेळा रिकामी होते, तितकं पुढचं बनतं. भरलेली राहिली की शरीर समजतं, नको आहे, आणि हात आखडतं. दूध बनवणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री जास्त असतं, म्हणून रात्रीचं पाजणं मोलाचं. आईचं खाणं थोडं कमी झालं म्हणून दूध सहसा लगेच आटत नाही. पोटाला पुरेसं न मिळणाऱ्या बायकांनाही दूध येतं, ते बऱ्यापैकी कसाचंही असतं, कारण शरीर आईच्या हाडांतून आणि साठ्यातून काढून बाळाला देतं. किंमत आई मोजते. बी-१२ जीवनसत्त्वासारख्या गोष्टी मात्र आईतच कमी असल्या तर दुधातही कमी उतरतात. आमच्याकडच्या माळकरी, शुद्ध शाकाहारी घरांत हे तपासायला हवं, लाडू मोजण्याआधी.

आणि वजन? २००० साली अमेरिकेत जादा वजनाच्या ४० स्तनदा मातांवर एक प्रयोग झाला. एका गटाने बाळ महिन्याचं झाल्यावर दहा आठवडे रोज पाचशे कॅलरी कमी खाल्ल्या आणि आठवड्यातून चार दिवस पाऊण तास व्यायाम केला. आठवड्याला सरासरी अर्धा किलो उतरलं आणि त्यांची बाळं दुसऱ्या गटातल्या बाळांइतकीच वाढली. म्हणजे मावशीची भीती जरा जास्त आहे. पण वहिनींच्या कोचचे महिन्यात सहा किलो म्हणजे त्याच्या तिप्पट वेग, आणि तोही जेवण काढून घेऊन. माझ्या सूपची जात तीच. भात-भाकर पूर्ण बंद करण्याच्या फॅशनबद्दल तर सांगायलाच हवं : दूध पाजणाऱ्या बायकांच्या रक्तात त्यामुळे आम्ल वाढून दवाखान्यात भरती करावं लागल्याच्या नोंदी आहेत.

मी रात्री दोनचा गजर लावला. पोरीला झोपेतच उचलून पाजायचं. ऑफिसात तिसरी वेळ कॅलेंडरवर टाकून ठेवली, 'कामात' म्हणून. सूप बंद. सकाळी भाकर, इथे भारतीय दुकानात बाजरीचं पीठ मिळतं, जरा कडू असतं पण चालतं. डाळ, अंडी, दही, पालेभाजी, आणि एक लाडू. एकच. वीस दिवसांत बाटली ११०वर आली. वजन उतरायला मात्र आठ महिने लागले, आणि शेवटचे दोन किलो अजून माझ्याकडेच आहेत.

आता 'तिकडे कसं छान' असा सूर लागू नये म्हणून सांगते. ती नर्स भली होती, पण तिच्या तोंडून रात्री दोनला उठ हे ऐकणं सोपं आणि उठणं एकटीचं. त्या काळात मला कुणी डोक्याला तेल लावून दिलं असतं तर दोन देशांचे कायदे मी ओवाळून टाकले असते. आपल्याकडची सव्वा महिन्याची विश्रांती, बाईने पाण्यात हात घालायचा नाही, बाळ पाजायचं आणि झोपायचं, याच्या तोडीचं इथे काही नाही. कागदावर तर आपली रजाही मोठी आहे : २०१७पासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे, इथल्यापेक्षा दहा जास्त. पण ती नोकरदार बाईला. कापूस वेचणारीला कोण देतं रजा? आणि आमच्याच खानदेशात, वर सातपुड्यात धडगाव-अक्कलकुव्याकडे, स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं चौरस जेवण मिळावं म्हणून सरकारला २०१५पासून अमृत आहार योजना चालवावी लागते. तिथल्या बाईला वजन उतरवण्याचा सल्ला देणाऱ्याची जीभ झडेल. लाडू खा की शेक पी, हा वाद शंभर-दोनशे किलोमीटरच्या आत इतका बदलतो.

बहिणीला मी शेवटी फोनच केला. ग्रुपवर काय बोलणार. आधी औषधांचं विचारलं, कारण काही गर्भनिरोधक गोळ्यांनी दूध कमी होतं. नाही म्हणाली. थायरॉइड तपासलंस? बाळंतपणानंतर तो बिघडतो कधीकधी, वजन आणि थकवा दोन्ही त्याचं असू शकतं. तपासते म्हणाली. बाळ दिवसातून किती वेळा लंगोट ओले करतं? सात-आठ. वजन वाढतंय? हो, अंगणवाडीच्या कार्डावर रेघ वरच आहे. मग घाबरायचं कारण नाही, म्हटलं. मग विचारलं, रात्री किती वेळा पाजतेस?

थोडा वेळ काही बोलली नाही.

"रात्री आईंकडे असतो ना ताई. त्या म्हणाल्या, तू झोप काढ, दिवसभर दमतेस. दोनला उठतात, वरचं दूध करून पाजतात. दोन महिने झाले."

सासूबाई सत्तरीच्या. स्वतःच्या पाच बाळंतपणांत त्यांना कुणी एक रात्र झोपू दिलं नव्हतं, म्हणून सुनेला देताहेत. ग्रुपवरच्या तीनशे मेसेजांत लाडू होते, शेक होता, तूप होतं, वांगं खाऊ नये हे तीनदा होतं. ही बाटली कुठेच नव्हती.

"मग त्यांना सांग ना, रात्री बाळाला तुझ्याकडे आणून द्या म्हणून. बाकी सगळं त्यांनीच करावं. पाजून झालं की परत घेऊन जावं."

"मी कसं सांगू? त्यांना वाटेल, केलेलं आवडलं नाही."

मग म्हणाली, "तूच सांग ना ताई. तिकडे असंच असतं म्हणून सांग."

सासूबाईंचा नंबर माझ्याकडे आहे. दिवाळीला त्यांना फोन करतेच. दोनदा काढून बघितला, लावला नाही अजून.